नोंदी आमच्या, प्रोग्रॅम त्यांचा

आमचं वाचनालय सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शासनमान्य, ‘ब’ वर्ग. पुस्तकं तीस हजारांच्या आसपास. मी तिथे ग्रंथपाल आहे. मी रुजू व्हायच्या आधीच, २००४ साली, वाचनालयात संगणक आला होता आणि त्याच्याबरोबर पुस्तकांच्या नोंदी ठेवायचं एक सॉफ्टवेअर. शेजारच्या शहरातल्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं होतं. ते मराठीत चालायचं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढे त्या कंपनीशी आमचं वाजलं, तरी तिचा प्रोग्रॅम चांगला होता. देवघेव, वर्गणी, अनामत, थकबाकी, अनुदानासाठी लागणारे तक्ते, सगळं त्यातून निघायचं. बरीच वर्षं निघालं.

संगणकाच्या मागे, जुन्या प्रिंटरची वायर जोडतात त्या जागी, काडेपेटीएवढा एक तुकडा बसवलेला होता. त्याला आम्ही डोंगल म्हणायचो. तो जागेवर असला तरच प्रोग्रॅम उघडायचा. कंपनीने हे कुलूप का लावलं होतं ते मला कळत होतं. एक प्रत विकली की तिच्यावरून दहा जण फुकट प्रती काढायचे. माणसाने वर्षभर बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि पैसे एकाच गिऱ्हाइकाचे मिळायचे, हे बरोबर नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळला. हार्ड डिस्क वाचली. दुरुस्तीवाल्याने नवा संगणक घ्यायला सांगितलं, तो आम्ही घेतला. नव्या संगणकाला डोंगल लावायची जागाच नव्हती. वेगळं कार्ड आणून ती जागा करून घेतली, तर नवी विंडोज डोंगलला ओळखेना. आमच्याकडे दर महिन्याचा बॅकअप होता. सीडीवर, तारखा घालून, नीट ओळीने लावलेला. पण तो बॅकअप फक्त त्याच प्रोग्रॅममध्ये उघडत होता. म्हणजे नोंदी हातात होत्या आणि एकही नोंद वाचता येत नव्हती.

हाताने लिहिलेली दाखल नोंदवही २०११ पर्यंतची होती. त्यानंतर कार्यकारिणीने ठराव करून वही बंद केली होती, कारण सगळं संगणकात होतं. नंतरच्या वर्षांतली हजारो पुस्तकं कपाटात उभी होती, पण कुठलं कधी आलं, कितीला घेतलं, कुणी देणगी दिलं, हे सांगणारा कागद नव्हता. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची तपासणी तोंडावर आली होती.

मी कंपनीला फोन केला. मालकांनीच उचलला. कंपनी म्हणजे आता ते एकटेच उरले होते. शांतपणे बोलले.

“मॅडम, ते व्हर्जन आम्ही केव्हाच बंद केलंय. आता नवीन घ्यावं लागेल. तुमचा डेटा त्यात घालून देतो, त्याचे चार्जेस वेगळे.”

त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीच्या जवळ जाणारा होता. मी म्हटलं, “नवीन सॉफ्टवेअरचं कार्यकारिणीपुढे ठेवते. तोवर नुसत्या नोंदी एक्सेलमध्ये काढून द्या. त्याचे काय असतील ते पैसे घ्या.”

“तसं देता येत नाही. डेटाबेसची रचना आमची आहे.”

फोन ठेवल्यावर मला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. देवघेव आम्ही दोनशे पानी वहीत सुरू केली. संध्याकाळी गर्दीच्या वेळी सभासद रांगेत उभे राहून कुरकुरायचे आणि आमचे लिपिक काका मान खाली घालून लिहीत राहायचे.

दरम्यान दुरुस्तीवाल्या पोराने एक उपाय सांगितला. “डोंगल नको, काय नको. दोन हजारात क्रॅक करून देतो.” कार्यवाहांना हे पटलं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर पटलं. आमच्या कार्यकारिणीत एक वकील आहेत. त्यांनी अडवलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए हे कलम आलं. हक्कभंग करायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. “आपला हेतू तसा नाही,” कार्यवाह म्हणाले. “नाहीच,” वकील म्हणाले, “पण ते कोर्टात सिद्ध करत बसायची हौस आहे का? आणि त्या माणसाचा प्रोग्रॅम आपण का फोडायचा?” शेजारच्या गावच्या वाचनालयाने आपली सीडी देऊ केली होती, तीही त्यांनी घेऊ दिली नाही. प्रोग्रॅमची चोरटी प्रत माहीत असून वापरली तर कलम ६३बी लागतं. कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत.

मग त्यांनी कायद्याचं पुस्तक आणून आमची दुसरी बाजू वाचून दाखवली. कायद्याच्या व्याख्येत संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’मध्ये धरलेला आहे. तो ज्याने लिहिला त्याचा. आम्ही पैसे देऊन घेतला म्हणून तो आमचा होत नाही, आम्हाला वापरायची परवानगी मिळते, एवढंच. इथवर मालकांचं बरोबर होतं. पण त्यात आम्ही भरलेल्या नोंदी, म्हणजे कुठलं पुस्तक, कुणाचं, कितीला, कधी आलं, हे काम आमच्या माणसांनी केलेलं. नोंदी ठेवायच्या खोक्याची रचना त्यांची असेल, नोंदी त्यांच्या कशा होतील? शिवाय कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रॅम रीतसर आला आहे त्याला काही मोकळीक दिलेली आहे. नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत काढून ठेवता येते. एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यापुरतं काम करता येतं. चालवून, निरखून तो कसा चालतो हे समजून घेता येतं.

आमच्या जुन्या फायलीत कंपनीचं बिल सापडलं. मागे छापील अटी होत्या. ‘सॉफ्टवेअरचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील.’ नोंदींबद्दल एक शब्द नव्हता. वकिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “इथे लिहिलं असतं तर आज हा प्रसंग नव्हता.”

सुटका अगदी साध्या गोष्टीने झाली. शाळेच्या संगणक कक्षात एक जुना एक्सपी संगणक धूळ खात पडला होता. त्याला डोंगलची जागा होती. मुख्याध्यापकांनी तो लगेच दिला. आमची जुनी डिस्क त्याला जोडली, प्रोग्रॅम मूळ सीडीवरून रीतसर पुन्हा घातला. सीडी बिलाबरोबरच पाकिटात ठेवलेली होती. ज्यांनी कुणी ती फेकली नाही त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. डोंगल लावला आणि पडद्यावर ओळखीची निळी खिडकी आली. लिपिक काकांनी टेबलावर हात आपटला. प्रोग्रॅममध्ये अहवाल कागदावर छापण्याऐवजी फाइलमध्ये काढायची सोय होती. आम्ही दाखल नोंदवहीचा अहवाल काढला, सभासदांचा काढला, थकबाकीचा काढला. कुलूप तोडलं नाही, चोरी केली नाही. दिलेल्या किल्लीने दार उघडून आपलं सामान बाहेर आणलं.

फाइल नव्या संगणकावर उघडली तर मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळा कचरा. हे का होतं ते मला तेव्हा नीट कळलं. युनिकोड रुळायच्या आधीचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं. संगणकाच्या लेखी आपण इंग्रजीच लिहीत असतो, फाँट त्याचं मराठी रूप दाखवतो. आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने चित्रं बसवलेली. एकीचा ‘क’ जिथे, तिथे दुसरीचा ‘म’. त्यामुळे एकदा एका कंपनीचा फाँट घेतला की मजकूरही तिच्या दावणीला बांधला जायचा.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा एका सभासदांचा मुलगा दिवाळीला घरी आला होता. लहानपणी आमच्या बालविभागात पडीक असायचा. म्हणाला, “काकू, मी बघतो.” त्याने हिंदीच्या एका जुन्या फाँटचं युनिकोड करणारी तयार स्क्रिप्ट शोधून काढली आणि आमच्या फाँटसाठी ती बदलायला घेतली. मी शेजारी बसून पुस्तकांची नावं सांगत होते.

काम दिसतं त्यापेक्षा किचकट निघालं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप होते, मग अक्षर. युनिकोडमध्ये उलटं, अक्षर आधी, वेलांटी नंतर. ‘धर्म’ मध्ये रफार जुन्या पद्धतीत ‘म’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘म’च्या आधी यावे लागतात. ‘ग’ हे एक अक्षर नव्हतंच, अर्धा ग आणि एक दांडी असे दोन तुकडे होते. आणि हिंदीच्या स्क्रिप्टला आपला ‘ऱ्य’ माहीत नव्हता. ‘वाऱ्यावरची वरात’ पडद्यावर ‘वार्यावरची वरात’ म्हणून आली. दर्या आणि दऱ्या एकच होऊन बसले. सूर्य बरोबर, कोपऱ्यातला चूक. जुन्या फाँटमध्ये त्या अर्ध्या र साठी वेगळं चित्र होतं, ते शोधून त्याने त्याचा वेगळा नियम केला. मग याद्या छापून आम्ही निवृत्त शिक्षक सभासदांना वाटल्या. त्यांनी लाल पेन घेऊन त्या तपासल्या. एका बाईंनी ऱ्हस्वदीर्घाच्या आमच्याच जुन्या चुकाही सुधारून दिल्या.

नोंदी बाहेर आल्या. आता त्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न होता.

माहिती काढली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं सोल आहे, ते मुख्यतः महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी. आणि कोहा आहे. कोहा ओपन सोर्स आहे, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड सगळ्यांना उघडा असतो. वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. ते न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या सार्वजनिक वाचनालयांसाठी तयार झालं. १९९९ साली त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालाची तारीख झेपणार नाही म्हणून बाद होणार होतं. त्यांनी कटिपो या छोट्या कंपनीकडून नवं लिहून घेतलं, २००० च्या जानेवारीत ते चालू केलं आणि जीपीएल या परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं केलं. हे वाचून मला बरं वाटलं. आमच्यासारखंच गावातलं वाचनालय, आमच्यासारखीच अडचण.

कार्यकारिणीत शंका निघाल्या. फुकटचं शासनाला चालेल का? केंद्र सरकारनेच २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं आहे, ते मी छापून नेलं. वकिलांचा प्रश्न जास्त नेमका होता. “उद्या कोहा बनवणारी कंपनी बंद पडली किंवा कुणी विकत घेतली तर?” त्याचं उत्तर कोहाच्या इतिहासातच होतं. कोहाची सेवा देणारी एक कंपनी २०१० मध्ये एका अमेरिकी कंपनीने घेतली. त्यांच्याकडून न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावावर व्यापारचिन्हाचा दावा झाला. २०११ मध्ये अर्ज प्राथमिक पातळीवर स्वीकारलाही गेला. मूळ वाचनालयाच्या न्यासाने विरोध नोंदवला आणि २०१३ च्या अखेरीस दावा फेटाळला गेला. नावावरून भांडण झालं, पण कोड खुलाच राहिला. तो जगभरच्या शेकडो लोकांनी लिहिलेला, प्रत्येकाचा हक्क आपापल्या तुकड्यावर, आणि प्रत्येकाने तो जीपीएलखाली दिलेला. तो मागे घेऊन कुलूपबंद करणं एका कंपनीच्या हातात नाही. वकील म्हणाले, “मग घ्या.”

खर्च लागला, हे स्पष्ट सांगते. परवान्याचा रुपया नाही, पण चांगला संगणक, यूपीएस, दुसऱ्या जागी बॅकअपची डिस्क, आणि बसवून देणाऱ्या पुण्याच्या माणसाची फी. दरवर्षी देखभालीचे पैसे आजही देतो. ते द्यायलाच हवेत, तो माणूस कष्ट करतो. फरक इतकाच की उद्या त्याच्याशी पटलं नाही तर दुसरा माणूस बोलावता येतो. नोंदी आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात.

आमच्या नोंदी मार्क या जागतिक पद्धतीत बसवाव्या लागल्या. लेखक १०० क्रमांकाच्या खणात, शीर्षक २४५ मध्ये, प्रत्येक प्रतीचा दाखल क्रमांक आणि किंमत ९५२ मध्ये. पहिल्याच दिवशी मोठी निराशा झाली. ‘मृत्युंजय’ शोधलं तर काहीच येईना. पुस्तक आत होतं, यादीत दिसत होतं, शोधात सापडत नव्हतं. कारण असं की कोहाच्या शोधयंत्राची नेहमीची मांडणी रोमन लिपीच्या अंगाने केलेली असते. देवनागरीसाठी आयसीयू नावाची मांडणी निवडून सगळ्या नोंदींची सूची पुन्हा करावी लागते. रात्रभर ते चाललं. सकाळी शोधलं तर सावंतांचं ‘मृत्युंजय’ सगळ्या प्रतींसह समोर. मराठी वाचनालयात कोहा बसवत असाल तर बसवणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे सांगा. त्यात आमचा एक आठवडा विनाकारण गेला. पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं आम्ही लिब्रे ऑफिसमध्ये केली आणि मुक्ता हा फाँट वापरला. तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केला आहे आणि ओपन फाँट परवान्याखाली दिला आहे. छापा, पुस्तकात वापरा, कुणाला द्या, परवानगी मागायला नको. फक्त तो फाँट नुसताच विकायचा नाही.

तपासणी पार पडली. साहेबांनी दाखल नोंदवहीची छापील प्रत मागितली, ती मिळाली. इथे हे संपायला हवं होतं, पण आणखी एक प्रकरण झालं, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

त्या मुलाने केलेली स्क्रिप्ट आम्ही तीन-चार वाचनालयांना दिली होती. ज्या हिंदी स्क्रिप्टवरून ती केली तिचा परवाना जीपीएल, तिसरी आवृत्ती. त्यामुळे बदललेली स्क्रिप्टही त्याच परवान्याखाली देणं भाग होतं. वर मूळ लेखकाचं नाव, खाली या मुलाचं नाव, परवान्याच्या चार ओळी. वर्षभराने कळलं की एक व्यावसायिक तीच स्क्रिप्ट ‘मराठी डेटा कन्व्हर्टर’ म्हणून वाचनालयांना विकतोय. नावं काढून टाकलेली, कोड बंद केलेला, वर स्वतःच्या कंपनीचं ‘सर्व हक्क राखीव’. ओळखू आली ती एका चुकीमुळे. आमच्या स्क्रिप्टमध्ये एका विरळ जोडाक्षराची चूक राहून गेली होती, तीच चूक त्यांच्यातही होती.

मुलाला फार लागलं. मला फोनवर म्हणाला, “काकू, मी पैसे मागितले नव्हते. नाव तरी ठेवायचं.” कार्यवाह म्हणाले, फुकट वाटलं ना, मग आता कुणीही न्यावं. मलाही आधी असंच वाटायचं की खुल्या प्रोग्रॅमला मालक नसतो. वकिलांनी दोघांनाही थांबवलं. मालक असतो. लिहिणाऱ्याचा कॉपीराइट कुठेच जात नाही, नोंदणीही लागत नाही. त्या हक्काच्या जोरावरच तो अटी घालतो. जीपीएलची अट विकू नका अशी नाहीच. खुशाल विका. पण ज्याला द्याल त्याला मूळ कोडही द्या, नावं आणि परवाना तसाच ठेवा, आणि बदललेलं त्याच अटींवर द्या. अट मोडली की परवानगी संपते, आणि मग तो साधा कॉपीराइटचा भंग ठरतो. अमेरिकेत २००८ मध्ये खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका खुल्या प्रोग्रॅमवरून खटला झाला होता. जेकबसन विरुद्ध कॅट्झर. तिथल्या अपील न्यायालयानेही हेच मानलं, की फुकट दिलं म्हणून अटी पोकळ होत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी लक्षात आणून दिली. नोटीस वाचनालयाने देऊन उपयोग नव्हता. मुलगा आमचा पगारी नोकर नव्हता, त्यामुळे कलम १७ प्रमाणे त्याने केलेल्या कामाचा हक्क त्याचाच. नोटीस त्याच्याच नावाने गेली. भाषा सौम्य ठेवली. विकण्याला हरकत नाही, नावं परत घाला, ज्यांना विकलं त्यांना कोड द्या, परवान्याची प्रत द्या. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत एक चांगली सोय आहे. पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर परवानगी पुन्हा मिळते. हेही नोटिशीत लिहिलं.

आधी उद्धट उत्तर आलं. ‘नेटवरचं फुकटचं आहे.’ मग बहुधा त्यांनी स्वतःच्या वकिलाला विचारलं असावं. मुदत संपायच्या आत नवी प्रत आली. नावं होती, परवाना होता, कोड होता. विक्री त्यांनी चालू ठेवली आणि त्यात गैर काही नाही. पुढे त्यांच्याच एका गिऱ्हाईक वाचनालयाने ती जोडाक्षराची चूक दुरुस्त करून कोड आम्हाला पाठवला. तो आम्ही आमच्यात घेतला.

यानंतर वकिलांनी आमच्या देखभालीच्या कराराचा मसुदा नव्याने केला. आम्ही आधी म्हणत होतो, जो कोड आमच्यासाठी लिहाल त्याचे सगळे हक्क आम्हाला लिहून द्या. त्यांनी समजावलं की त्याची गरज नाही. हक्क हस्तांतर लेखीच लागतं, आणि मुदत लिहिली नाही तर ते कायद्याने पाच वर्षांपुरतंच धरलं जातं. शिवाय सगळे हक्क मागितले तर माणूस त्याचे पैसेही तसेच लावणार. आपल्याला हवं ते कायमचं वापरणं, बदलणं आणि दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेणं. ते जीपीएलमध्ये मिळतं. हक्क लिहिणाऱ्याकडे, वापर आमच्याकडे. दोघांचं भागतं.

जुन्या कंपनीच्या मालकांना मी सगळं झाल्यावर फोन करून सांगितलं. त्यांना आवडलं नाही. त्यांचं म्हणणं अजूनही तेच आहे. पण आमच्याकडून त्यांच्या प्रोग्रॅमची एकही प्रत बाहेर गेलेली नाही. डोंगल आणि सीडी कपाटात आहेत.

करारातली दोन वाक्यं इथे देते. कुणालाही वापरायला हरकत नाही. ‘वाचनालयाने भरलेल्या सर्व नोंदींवर वाचनालयाचाच हक्क राहील. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत त्या युनिकोड मराठीत, मार्क किंवा सीएसव्ही स्वरूपात, कोणतेही जादा शुल्क न घेता देण्यात येतील.’ सॉफ्टवेअर विकत घ्या नाहीतर खुलं वापरा, वाचनालयाचं असो, पतसंस्थेचं असो की सोसायटीचं, ही वाक्यं सही करायच्या आधी घालून घ्या. आणि जो बॅकअप तुमच्याकडे आहे तो या आठवड्यात दुसऱ्या संगणकावर, ते सॉफ्टवेअर नसताना, एकदा उघडून बघा.